गावाचे अंदाजपत्रक व विकास आराखडा : कामे ठरतात कशी?

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दरवर्षी आपापले अंदाजपत्रक आणि विकास आराखडा तयार करतात. केंद्राच्या किंवा राज्याच्या अर्थसंकल्पाप्रमाणे त्यांची चर्चा वृत्तपत्रांतून होत नाही. तथापि वस्तीपर्यंत रस्ता होणार की नाही, नळाला पाणी येणार की नाही, अंगणवाडीला शौचालय मिळणार की नाही, हे प्रश्न याच कागदांवर सुटतात किंवा अडतात.

एखाद्या गल्लीत खडी येऊन पडली की हाच रस्ता का, आपल्या वस्तीचा का नाही, अशी विचारणा गावोगाव होते. प्रश्न रास्त असतो, पण तो विचारण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. त्या रस्त्याचा निर्णय अनेक महिने आधी, एखाद्या ग्रामसभेत झालेला असतो आणि त्या सभेला गावातील मोजकीच माणसे उपस्थित असतात. निर्णय केव्हा, कोठे आणि कोणत्या पैशाच्या आधारे होतो, हे ठाऊक असणे म्हणूनच प्रत्येक ग्रामस्थाच्या हिताचे आहे.

घटनात्मक आधार

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींना स्वशासनाच्या संस्था म्हणून स्थान मिळाले. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने घटनेत अकरावी अनुसूची समाविष्ट केली. या अनुसूचीत पिण्याचे पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, स्वच्छता, लघुपाटबंधारे अशा २९ विषयांची नोंद आहे. आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांसाठी योजना आखण्याचे काम पंचायतींकडे असावे, अशी अपेक्षा अनुच्छेद २४३ छ मध्ये व्यक्त झाली आहे. प्रत्यक्षात कोणते अधिकार व किती निधी द्यायचा, हे ठरविणे मात्र राज्य विधिमंडळांवर सोपविण्यात आले. त्यामुळे या व्यवस्थेचे स्वरूप राज्यागणिक बदलते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. जिल्हा परिषद व पंचायत समिती यांच्यासाठी १९६१ चा स्वतंत्र अधिनियम आहे. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती असून त्यांतील अनेक गट ग्रामपंचायती आहेत. म्हणजे दोन, तीन किंवा अधिक गावे आणि त्यांच्या वाड्यावस्त्या एकाच अंदाजपत्रकावर अवलंबून असतात.

जमेची बाजू

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचे ढोबळमानाने दोन प्रवाह असतात. पहिला प्रवाह स्वतःच्या उत्पन्नाचा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, आठवडे बाजारातील जागेचे शुल्क, गाळ्यांचे भाडे यांचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०१५ मध्ये नियम सुधारण्यात आल्यापासून घरपट्टीची आकारणी इमारतीच्या भांडवली मूल्यावर केली जाते. कोणाकडे किती कर आकारला, याची नोंद 'नमुना ८' या नोंदवहीत असते. घराचा '८ अ' उतारा म्हणून ग्रामस्थांना परिचित असलेला कागद याच नोंदवहीतून निघतो.

दुसरा प्रवाह अनुदानाचा. यात केंद्रीय वित्त आयोगाचा निधी सर्वांत महत्त्वाचा ठरतो. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी ग्रामपंचायतींना सुमारे २ लाख कोटी रुपये देण्याची शिफारस केली आणि हा निधी थेट ग्रामपंचायतींना देण्याचा मार्ग स्वीकारला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. या वेळी पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांनाही वाटा मिळाला. महाराष्ट्रात ही विभागणी ग्रामपंचायत ८० टक्के, पंचायत समिती १० टक्के आणि जिल्हा परिषद १० टक्के अशी होती. सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी २०२६-२७ पासून सुरू होतो.

हा निधी विनाअट नव्हता. निवडून आलेले मंडळ अस्तित्वात असणे आणि हिशेब वेळेवर ऑनलाइन उपलब्ध करणे, या अटींचे पालन आवश्यक होते. निवडणुका लांबल्या तर त्याची किंमत गावाला निधीच्या रूपाने मोजावी लागे.

बंधित आणि अबंधित निधी

आराखडा समजून घेण्यासाठी एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी ६० टक्के रक्कम बंधित होती. त्यातील अर्धा भाग पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, तर उरलेला अर्धा भाग स्वच्छता आणि हागणदारीमुक्त स्थिती टिकविण्यासाठी राखून ठेवलेला होता. राहिलेली ४० टक्के रक्कम अबंधित होती. ती गावाच्या गरजेनुसार वापरता येत असे. मात्र तिच्यातून वेतन किंवा आस्थापनेचा खर्च भागविण्यास परवानगी नव्हती.

समजा, एखाद्या गावाला वर्षाला १५ लाख रुपये मिळणार आहेत. त्यातील साडेचार लाख पाण्यासाठी आणि साडेचार लाख स्वच्छतेसाठी बांधलेले. ग्रामसभेला मुक्तपणे निर्णय घेण्यास उरतात ते सहा लाख रुपये. गावात चार वस्त्या असतील आणि प्रत्येकीची रस्त्याची मागणी असेल, तर या सहा लाखांत एखाददुसरे काम बसते. इतर वस्त्यांना पुढील वर्षाची वाट पाहावी लागते. सरपंचाने अमक्याचे काम केले आणि तमक्याचे टाळले, अशी तक्रार अनेकदा होते. तिच्या मुळाशी काही वेळा पक्षपात असतो, तर काही वेळा हे साधे गणित असते. कोणते कारण खरे, हे आराखडा पाहिल्यावरच कळू शकते.

बंधित निधीबाबत एक सवलतही होती. पाणी किंवा स्वच्छता यांपैकी एका बाबीची गरज पूर्णपणे भागली असल्याचे प्रमाणित झाले, तर ती रक्कम दुसऱ्या बंधित बाबीकडे वळविता येत असे.

आराखड्याचे वेळापत्रक

चौदाव्या वित्त आयोगाचा निधी येऊ लागला तेव्हा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करणे देशभर आवश्यक करण्यात आले. महाराष्ट्रात २०१५ पासून हा उपक्रम 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने राबविण्यात आला. २०१८ मध्ये केंद्राने 'सबकी योजना, सबका विकास' ही लोकसहभागाची मोहीम सुरू केली. पुढील आर्थिक वर्षाच्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हावी आणि डिसेंबरअखेर तो बहुतांशी तयार असावा, असा तिचा क्रम आहे. म्हणजे १ एप्रिलपासून होणाऱ्या कामांचा निर्णय त्याआधीच्या हिवाळ्यात होतो.

तयारीचा पहिला टप्पा गावाच्या परिस्थितीचे विश्लेषण हा असतो. गावफेरी आणि शिवारफेरी काढून विहिरी, गटारे, शाळा, अंगणवाडी, स्मशानभूमी, रस्ते यांची पाहणी करणे अपेक्षित आहे. कुटुंबांची माहिती, शाळेतील पट, आरोग्य उपकेंद्रातील नोंदी यांचा आधार घेतला जातो. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा होते; वंचित घटकांच्या व बालकांच्या सभा घेण्याचीही पद्धत आहे. पाण्याच्या खेपा, शौचालयाची दुरवस्था, मुलींच्या शाळेची वाट या बाबी महिला सभेत प्रथम पुढे येतात. ही सभा केवळ कागदोपत्री उरकण्यात आली, तर त्या आराखड्यात येतच नाहीत.

त्यानंतर उपलब्ध निधीचा अंदाज बांधला जातो. मागण्यांची यादी नेहमीच निधीपेक्षा मोठी असते. त्यामुळे प्राधान्यक्रम लावणे हे आराखड्यातील सर्वांत कठीण काम ठरते. मसुदा तयार झाल्यावर पंचायत समिती स्तरावर त्याची तांत्रिक छाननी होते आणि ग्रामसभेच्या मान्यतेनंतर तो ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर नोंदविला जातो. हे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायती राज दिनी, कार्यान्वित झाले.

ग्रामसभेचा कौल

महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे त्यासाठीचे परिचित दिवस. आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणातील शेरे ठेवावे लागतात. ग्रामस्थाला हिशेब विचारण्याचा हा कायद्याने दिलेला प्रसंग आहे.

सभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती उपस्थिती लागते. तीन हजार मतदारांच्या गावातही शंभर जण पुरेसे होतात. तेवढेही न आल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. त्यामुळे काही ठिकाणी संपूर्ण गावाच्या वर्षभराच्या पैशाचा निर्णय मूठभर लोकांच्या सह्यांवर होतो. दूरच्या वाडीवरील शेतमजूर एका दिवसाची मजुरी बुडवून सभेला येऊ शकत नाही आणि त्याच्या वाडीची मागणी यादीत शेवटी राहते. कायद्यातील त्रुटीपेक्षा या अनुपस्थितीचे परिणाम अनेकदा अधिक दूरगामी असतात.

अंदाजपत्रकाची मांडणी

विकास आराखडा हा कामांचा दस्तऐवज, तर अंदाजपत्रक हा पैशांचा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या हिशेबासाठी १ ते ३३ असे नमुने विहित केलेले आहेत. त्यांतील 'नमुना १' म्हणजे अंदाजपत्रक. त्यात आरंभीची शिल्लक, अपेक्षित जमा, अपेक्षित खर्च आणि अखेरची शिल्लक दाखविली जाते. वर्षभरात एका शीर्षावरील रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळवायची असल्यास पुनर्विनियोजन करावे लागते आणि त्यासाठी 'नमुना २' असतो.

खर्चाच्या बाजूला कर्मचाऱ्यांचे वेतन, पथदिव्यांचे व पाणीपुरवठ्याचे वीजबिल, जलशुद्धीकरण, साफसफाई असे न टळणारे खर्च प्रथम येतात. याशिवाय स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. अंदाजपत्रक पाहणाऱ्याने या तीन तरतुदी प्रथम तपासाव्यात, असे जाणकार सांगतात. तरतूद कागदावर असणे आणि वर्षअखेरीस ती खर्च झालेली असणे, यांत बरेच अंतर असू शकते.

अपेक्षित जमा फुगवून दाखविण्याचा मोहही नेहमीचाच. सर्व घरपट्टी वसूल होईल असे गृहीत धरून कामे मांडली जातात, वसुली अर्धीच होते आणि वर्षअखेर कामे अपुरी राहतात. मागील तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली आणि चालू वर्षाचा अंदाज शेजारी शेजारी ठेवले, तर अंदाजपत्रक कितपत खरे आहे, हे सामान्य वाचकालाही उमगते.

आराखड्यातून प्रत्यक्ष कामाकडे

आराखड्यात नाव आले म्हणजे काम लगेच सुरू होते असे नाही. प्रथम अभियंता जागेची पाहणी करून कामाचे अंदाजपत्रक तयार करतो. त्याला तांत्रिक मान्यता मिळते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, आवश्यकतेनुसार निविदा, कार्यारंभ आदेश आणि प्रत्यक्ष काम असा क्रम असतो. झालेल्या कामाची मोजमापे अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंदवितो. या नोंदीखेरीज देयक निघत नाही. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला जातो.

देयक आता धनादेशाने न देता ऑनलाइन प्रणालीद्वारे दिले जाते. त्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पूर्वीची दोन पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी हे पद निर्माण करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. दोन स्वाक्षऱ्यांच्या अटीमुळे एकतर्फी खर्चाला आळा बसतो. तसेच कोणत्या कामावर किती रक्कम कोणत्या तारखेला दिली गेली, याची नोंद ई-ग्रामस्वराजवर कोणालाही पाहता येते. अधिक तपशील हवा असल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा मार्ग खुला आहे. मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली, तर कागदावरचा रस्ता आणि जमिनीवरचा रस्ता यांची लांबी, रुंदी, जाडी जुळते की नाही, हे टेप लावून पाहता येते.

आराखड्याबाहेरची कामे

गावात होणारे प्रत्येक काम ग्रामपंचायतीच्या पैशातून होत नाही. जिल्हा नियोजन समितीचा निधी, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना, खासदार व आमदार यांचा स्थानिक विकास निधी यांतूनही कामे होतात. 'पंचवीस-पंधरा' या लेखाशीर्षाच्या क्रमांकानेच ओळखली जाणारी, लोकप्रतिनिधींनी सुचविलेली मूलभूत सुविधांची कामे तर बहुतेक गावांना परिचित आहेत.

ही कामे गावाच्या उपयोगाचीच असतात, पण त्यांचा अग्रक्रम ग्रामसभेत ठरतोच असे नाही. ग्रामसभेने पाण्याच्या टाकीला पहिले स्थान दिले असताना गावात सभामंडप उभा राहिला, असा प्रकार यातूनच घडतो. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात सर्व स्रोतांतील कामे एकत्र दाखवावीत, असे धोरण असले तरी तो मेळ बसविणे अवघड जाते. रोजगार हमीच्या कामांबाबत २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीला स्थान दिले होते. त्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला असून त्यातही कामांचा आधार गावाचा आराखडा हाच मानण्यात आला आहे.

स्वतःचा पैसा, स्वतःचा निर्णय

अनुदानाला अटी असतात. स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा भाग गावाच्या मर्जीने वापरता येतो. त्यामुळे घरपट्टीची वसुली आणि निर्णयाचे स्वातंत्र्य यांचा थेट संबंध आहे. छत्रपती संभाजीनगरजवळील पाटोदा गावाने याचे उदाहरण घालून दिले. कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबांना ग्रामपंचायतीने दळण मोफत दळून देण्यास सुरुवात केली. कर भरणे हे ओझे न वाटता व्यवहार वाटू लागला आणि वसुली सुधारली.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचा मार्ग वेगळा होता. वनहक्क कायद्यानुसार या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या अधिकारात बांबूची विक्री करू लागली. निर्णय सर्वसहमतीने घेण्याची परंपरा गावात आधीपासून होती, आता तिच्या हाती उत्पन्नही आले. अनुसूचित क्षेत्रातील गावांना महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के वाटा थेट देण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला, त्याचाही उद्देश हाच होता.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पैशाच्या आधी पाण्याचे अंदाजपत्रक मांडले जाते. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्यासाठी व गुरांसाठी किती राखायचा आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यायची, याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवण्यात येतो. पाऊस कमी असेल त्या वर्षी अधिक पाणी पिणाऱ्या पिकांना मुरड घातली जाते. उपलब्ध साधने आधी मोजावीत आणि मागण्या त्यांत बसवाव्यात, हे अंदाजपत्रकाचे मूळ तत्त्व तेथे शेतकऱ्यांच्या दैनंदिन व्यवहारात उतरलेले दिसते.

महाराष्ट्राबाहेर केरळचा अनुभव विशेष उल्लेखनीय ठरतो. तेथे १९९६ मध्ये लोकयोजना अभियान सुरू झाले आणि राज्याच्या योजना खर्चातील ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा निर्णय झाला. निधीची खात्री आधी दिली गेल्यामुळे ग्रामसभा, विकास परिसंवाद आणि कार्यगट यांतील चर्चेला वजन प्राप्त झाले. केरळमधील ग्रामपंचायती लोकसंख्येने महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. त्यामुळे ती पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडणार नाही. तथापि वाटून घ्यायला पैसा असल्याशिवाय लोक चर्चेला येत नाहीत, हा तिथला धडा सर्वत्र लागू आहे.

ग्रामस्थाचे वर्ष

या सर्व प्रक्रियेत सामान्य ग्रामस्थाचा सहभाग वर्षातील काही ठराविक दिवसांवर अवलंबून आहे. ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी वस्तीची मागणी लेखी देणे, आराखड्याच्या मान्यतेच्या सभेला उपस्थित राहून ती मागणी कितव्या क्रमांकावर आहे हे पाहणे, ठरावाची नोंद इतिवृत्तात झाली की नाही याची खात्री करणे, मार्चअखेर कर भरणे आणि नव्या आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेत मागील हिशेब विचारणे, एवढी ही कामे आहेत. ती पार पडली म्हणजे प्रत्येक मागणी पूर्ण होईलच असे नाही; सहा लाखांत चार रस्ते बसत नाहीत. परंतु आपला रस्ता यंदा का झाला नाही आणि तो पुढील वर्षी कितव्या क्रमांकावर आहे, याचे उत्तर त्या वस्तीला नोंदीसह मिळू शकते.